ईसीयू टेबलावर बोलता करायचा कसा?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडून एक पेट्रोल गाडी टोचन लावून आली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. स्कॅनर लावला तर ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरशी, संपर्कच होत नव्हता. आधीच्या गॅरेजने 'ईसीयू गेला, नवीन टाकावा लागेल' असं सांगून खर्चाचा आकडाही लिहून दिला होता. घरात दिवाळीआधी फरशी बसवायची होती, ती त्या आकड्यात जाणार होती. मी ईसीयू काढून टेबलावरच्या सेटअपला जोडला. दहा मिनिटांत तो बोलायला लागला, सगळी उत्तरं व्यवस्थित. मग गाडीकडे गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली ईसीयूची अर्थची वायर येते, तिथलं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडून आतून खाल्लं गेलं होतं. थिंबल बदललं, जागा घासून साफ केली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आपल्या धंद्यात रोज चालतो. ईसीयू हा बंद डबा आहे, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून दुसरं काही सापडलं नाही की आळ त्याच्यावर येतो. हा आळ खरा की खोटा हे ठरवायचं असेल, तर ईसीयूला गाडीपासून वेगळं काढून त्याचं म्हणणं ऐकायला हवं. टेबलावरचा सेटअप त्यासाठी. हे वाचून आपापल्या गॅरेजमध्ये असा सेटअप उभा करता यावा, म्हणून लिहितोय. उदाहरण म्हणून चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर ठेवलीय. डिझेलमध्ये काय वेगळं आणि धोक्याचं, ते ओघात येईल.

आधी ईसीयूच्या जागी बसून बघू. त्याला इंजिन दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, पेट्रोलचा वास येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ती फक्त पिनांवरची व्होल्टेज. एका पिनेवर ठरावीक व्होल्टेज आलं की तो म्हणतो पाणी ऐंशी अंश तापलंय. दुसऱ्या पिनेवर ठोके आले की तो म्हणतो इंजिन फिरतंय. म्हणजे तीच व्होल्टेज आपण टेबलावर तयार करून दिली, तर त्याच्या लेखी गाडी चालू आहे. तो इंजेक्टर उघडेल, स्पार्क देईल, पंखा लावेल. एवढीच कल्पना आहे. पुढे सगळा प्रश्न उरतो तो ही व्होल्टेज किती खरी वाटतात याचा.

कपलर आणि पिना

पहिली अडचण येते कपलरची, म्हणजे वायरी ज्यातून ईसीयूला जोडतात त्या सॉकेटची. ईसीयूचे कपलर सुटे मिळायला कठीण आणि मिळाले तर महाग. कुर्ल्याच्या किंवा आपल्या गावच्या भंगारात जाऊन अपघातातल्या गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कपलरपासून निदान हातभर वायरी ठेवून कापून आणावं, हे सगळ्यांत स्वस्त. वायरींचे मूळ रंग हाताशी राहतात, त्याने पुढचं काम निम्मं होतं. एका कपलरमध्ये साठ-साठ वायरी असल्या तरी घाबरू नका. गाडी चालायला सगळ्या लागत असतील, ईसीयू जागा करायला आठ-दहा पुरतात.

कुठली पिन कशाची हे त्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवायचं. 'याच कंपनीची दुसरी गाडी आहे, तिचा पिनआउट चालेल' असं अंदाजपंचे करू नका. एकाच ईसीयूचं घर आणि कपलर दोन गाड्यांत सारखे असतात आणि आतल्या पिना वेगळ्या. डायग्राम हातात असला तरी मी सप्लाय देण्याआधी मल्टीमीटरने खातरजमा करतो. ईसीयूच्या अर्थच्या पिना तीन-चार तरी असतात आणि आत त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात ओहम जवळजवळ शून्य दाखवायला हवेत. डायग्राममध्ये ज्या अर्थ म्हणून दिल्यात त्या एकमेकींशी शून्य दाखवत नसतील, तर एकतर डायग्राम चुकीचा किंवा ईसीयूच्या आतला ट्रॅक जळालेला. दोन्ही गोष्टी सप्लाय देण्याआधी कळलेल्या बऱ्या. तसंच सप्लायच्या पिनेपासून अर्थपर्यंत मोजा. तिथे शून्याजवळ आकडा आला तर आत काहीतरी शॉर्ट आहे.

आणि अर्थच्या सगळ्या पिना जोडा. एकच जोडली तरी ईसीयू जागा होतो, म्हणून लोक तिथेच थांबतात. मग इंजेक्टरचा आणि कॉइलचा सगळा करंट त्या एका बारीक वाटेने जातो आणि सेन्सरचे आकडे हलायला लागतात. हा टेबलाचा दोष असतो, आणि तो ईसीयूच्या माथी मारला जातो.

सप्लाय, आणि तो रिले

बॅटरी लावून काम करणारे पुष्कळ आहेत. मी तसं करू नका म्हणेन. बॅटरीला अंदाज नसतो. शॉर्ट झालं तर ती शेकडो अँपिअर देऊन मोकळी होते आणि वाचवण्यासारखा ईसीयू जाळते. करंटची मर्यादा ठरवता येणारा बेंच पॉवर सप्लाय घ्या, ५ ते १० अँपिअरचा. व्होल्टेज १३.५ ठेवा, कारण चालत्या गाडीत अल्टरनेटर साधारण तेवढंच देतो. पहिल्यांदा जोडताना करंटची मर्यादा १ अँपिअरवर आणा आणि वाटेत फ्यूजही घाला.

त्या सप्लायवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे ईसीयूची नाडी. चावी बंद असताना तो शून्याच्या आसपास हवा. चावी ऑन केल्यावर, काहीही लोड न लावता, बहुतेक पेट्रोल ईसीयू पाव ते अर्धा अँपिअर घेतात. चावी ऑन करूनही आकडा हललाच नाही तर कुठलीतरी सप्लायची पिन राहिली असेल. आकडा सरळ मर्यादेला जाऊन टेकला तर लगेच बंद करा. तो ठरावीक अंतराने वर-खाली होत असेल तर ईसीयू पुन्हा पुन्हा रिसेट होतोय. स्कॅनर जोडण्याआधी एवढं निदान नुसत्या आकड्यावरून होतं.

आता रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३०, ८५, ८६, ८७ हे रिलेवरचे आकडे प्रत्येक वायरमनला तोंडपाठ असतात. ते आले जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून, आणि त्याच मानकात १५ म्हणजे चावीचा सप्लाय, ३१ म्हणजे अर्थ. ईसीयूला ३० वरून कायमचा सप्लाय मिळतो, त्यावर तो झोपलेला असतो. चावी फिरवली की १५ वर व्होल्टेज येतं. मग ईसीयू स्वतः मेन रिलेची कॉइल अर्थ करतो, रिले टक् करून ओढला जातो आणि ८७ वरून त्याला मुख्य ताकद मिळते. टेबलावर नवशिके ८७ ची पिन थेट सप्लायला बांधून टाकतात. ईसीयू चालतो, पण काही ईसीयू चावी बंद असताना ८७ वर व्होल्टेज बघून रिले चिकटल्याचा फॉल्ट नोंदवतात. खरा रिलेच लावा. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे.

त्या रिलेचं दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आहे. चावी बंद केल्यावरही ईसीयू काही सेकंद रिले धरून ठेवतो. त्या वेळात तो शिकलेल्या गोष्टी कायमच्या मेमरीत लिहून ठेवतो: थ्रॉटल कुठे बंद होतो, इंधनाची दुरुस्ती किती लागते, कुठले फॉल्ट आले. लिहिणं अर्धवट असताना सप्लाय तुटला तर ती नोंद बिघडू शकते. म्हणून सेटअपला दोन स्विच हवेत, एक चावीचा आणि एक मेन.

रिले ओढला गेला की सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट मोजा. ईसीयू आतल्या रेग्युलेटरने हे पाच व्होल्ट बनवून सेन्सरना देतो. ते ४.९ ते ५.१ च्या आत असतील तर रेग्युलेटर जिवंत आहे. आता गाडीकडे वळून एक गोष्ट सांगतो, कारण यात बरेच ईसीयू नाहक बदलले जातात. गाडीत एकाच पाच व्होल्टच्या लायनीवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर घासून बॉडीला लागली, की लाईन खाली बसते आणि सगळेच सेन्सर मेल्यासारखे दिसतात. काही गाड्यांत ईसीयूसुद्धा गप्प होतो. टेबलावर ईसीयू पूर्ण ५ व्होल्ट देतोय आणि गाडीत दोनच मिळतात, असं असेल तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील, तो किंवा त्याची वायर दोषी.

बोलणं

ईसीयूशी बोलायची वाट म्हणजे कॅन बस. ही बॉशची देणगी. १९८३ मध्ये काम सुरू झालं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ती जगासमोर आली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी असतात. कोणी बोलत नसताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनकडे वर जाते आणि दुसरी दीडकडे खाली. ऐकणारा दोघींमधला फरक बघतो. बाहेरचा कचरा, म्हणजे स्पार्कचा, मोटरचा, दोन्ही वायरींवर सारखाच चढतो आणि फरकात उडून जातो. इंजिनच्या इतक्या गोंगाटात ही बस टिकते ती या एका युक्तीवर.

गाडीत बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही मिळून ६० ओहम. इंजिनच्या ईसीयूमध्ये बहुधा त्यातला एक असतो, दुसरा गाडीत दुसऱ्या कुठल्यातरी युनिटमध्ये राहतो. म्हणून टेबलावर, सप्लाय बंद ठेवून, दोन कॅन वायरींमध्ये मोजा. १२० आले तर आपला एक १२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि ६० करून घ्या. हे न केल्याने 'ईसीयू बोलत नाही' म्हणून परत पाठवलेले ईसीयू मी पाहिलेत. दोन रुपयांचा रेझिस्टर.

स्कॅनरसाठी १६ पिनांचा ओबीडी कपलर टेबलावर बसवा: ४ आणि ५ ला अर्थ, १६ ला सप्लाय, ६ ला कॅन हाय, १४ ला कॅन लो. जुन्या गाड्यांत बोलणं ७ नंबरच्या के-लाईनवर चालतं, तीही वायर काढून ठेवा. मग साधा स्कॅनरही चालतो. पण आतलं बोलणं एकदा उघड्यावर बघण्यासारखं असतं, म्हणून आरपीएम कसं विचारतात ते दाखवतो. स्कॅनर ७डीएफ या पत्त्यावर हाक मारतो. हा पत्ता म्हणजे 'उत्सर्जनाशी संबंध असलेल्या सगळ्यांनो, ऐका'. मजकूर असतो ०२, ०१, ०सी. दोन बाइट येतायत, चालू आकडा हवाय, आणि तो आरपीएमचा हवाय. इंजिनचा ईसीयू ७ई८ वरून उत्तर देतो: ०४, ४१, ०सी, ०एफ, ए०. शेवटचे दोन बाइट म्हणजे आकडा. हे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायचे आकडे आहेत: ०एफ म्हणजे १५, ए० म्हणजे १६०. पंधराला २५६ ने गुणून १६० मिळवले की ४०००. त्याला चारने भागा. १००० आरपीएम. टेबलावर काहीच फिरत नसताना इथे शून्य येतं, आणि ते शून्यसुद्धा लाखमोलाचं असतं. प्रोसेसर जागा आहे, प्रोग्राम चालतोय, कॅनची चिप शाबूत आहे, एवढं सगळं त्या एका शून्याने सिद्ध होतं.

लॅपटॉपवर हे बघायचं असेल तर आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड, आणि एमसीपी२५१५ या कॅनच्या चिपचं स्वस्त मॉड्यूल पुरतं. फक्त त्या मॉड्यूलवरचा क्रिस्टल, म्हणजे चिपला वेळेचे ठोके देणारा भाग, बघून घ्या. काहींवर ८ मेगाहर्ट्झचा असतो, काहींवर १६ चा. प्रोग्राममध्ये एक लिहिलं आणि बोर्डवर दुसरा निघाला, तर ५०० किलोबिटच्या जागी २५० किंवा १००० ने बोलणं सुरू होतं आणि बसवर शुकशुकाट. माझी पहिली अख्खी रात्र यात गेली होती.

इंजिन फिरतंय असं ईसीयूला पटवणं

सेटअपचा खरा जीव इथे आहे. वरचं सगळं एका दिवसात होतं. याला वेळ द्या.

क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ते ६० वजा २ प्रकारचं असतं, म्हणजे साठ दातांची जागा, त्यातले दोन दात कापलेले, शिल्लक ५८. दर दात सहा अंशांचा. ईसीयू दात मोजत राहतो. कापलेल्या जागी नेहमीपेक्षा लांब शांतता येते, तिथून त्याला कळतं की क्रँक नेमका कुठे आहे. तालाच्या आवर्तनात समेला थाप पडते, इथे समेवर थाप गळते, आणि त्या गळलेल्या थापेवरून ईसीयू सम ओळखतो.

या साठ दातांच्या चाकाचं गणित फार सोयीचं आहे. १००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १६.६७ फेरे. त्याला साठने गुणा: सेकंदाला १००० दात. म्हणजे जितके आरपीएम तितकेच हर्ट्झ. ८०० हर्ट्झ दिले की ८०० आरपीएम, तीन किलोहर्ट्झ दिले की ३०००. १००० आरपीएमला एक दात बरोबर एक मिलिसेकंदाचा. तेव्हा आर्डुइनोला सांगायचं ते इतकंच: अर्धा मिलिसेकंद वर, अर्धा खाली, असं ५८ वेळा, मग दोन मिलिसेकंद गप्प, पुन्हा पहिल्यापासून. एक फेरा ६० मिलिसेकंदांचा. हे स्वतः लिहायचं नसेल तर आर्डू-स्टिम नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात वेगवेगळ्या चाकांचे नमुने तयार मिळतात.

क्रँकचा एकट्याचा सिग्नल पुरेसा नसतो. चार स्ट्रोकला क्रँकचे दोन फेरे लागतात, ७२० अंश. क्रँक एकाच जागी दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. यातला कुठला, हे कॅमचा सेन्सर सांगतो, कारण कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे दोन फेऱ्यांत मिळून एकदा पुरा होणारा कॅमचा नमुनाही त्याच आर्डुइनोतून, क्रँकच्या दातांशी नेमका जुळवून, द्यावा लागतो. एखादा दात इकडे-तिकडे झाला तर ईसीयू क्रँक-कॅम जुळत नसल्याचा फॉल्ट टाकतो, जसा तो टायमिंग चेन उतरल्यावर टाकेल. चालू गाडीवर दोन्ही सेन्सरचा सिग्नल स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, एकत्र पकडून ठेवा आणि त्यावरून नमुना बनवा. ऐकीव माहितीवर बनवलेला कॅमचा नमुना माझा तरी एकदाही बरोबर निघालेला नाही.

सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा. तीन वायरींचा हॉल सेन्सर फक्त लाईन अर्थला ओढतो आणि सोडतो. वर ओढायचं काम ईसीयूच्या आतला रेझिस्टर करतो. त्याची नक्कल सोपी: आर्डुइनोच्या पिनेवर एक ट्रान्झिस्टर लावला की झालं. दोन वायरींचा चुंबकी पिकअप मात्र स्वतः वीज तयार करतो. दात जवळ येताना लाट वर जाते, लांब जाताना खाली, आणि वेग वाढला की लाटेची उंचीही वाढते. ईसीयू लाट शून्य ओलांडते तो क्षण पकडतो, आणि तोही ठरलेल्या दिशेने जातानाचा. दोन वायरी उलट झाल्या तर कापलेल्या दातांची जागा सरकते, आरपीएम येतं पण उड्या मारतं आणि सिंक होत नाही, म्हणजे इंजिन नेमकं कुठे आहे याचा मेळ ईसीयूला लागत नाही. गाडीवर नवा सेन्सर टाकल्यावर असं झालं तर तिथेही हेच तपासा. टेबलावर चौकोनी सिग्नल कपॅसिटरमधून घातला की बरेच ईसीयू चालवून घेतात.

जमत असेल तर भंगारातलं खरं दातेरी चाक आणा, छोट्या डीसी मोटरवर बसवा आणि खरा सेन्सर एक मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून समोर लावा. माझ्याकडे दोन्ही आहेत. रोजचं काम आर्डुइनोवर होतं. पण शंका उरली की मी चाक फिरवतो, कारण त्या सिग्नलमध्ये खऱ्या जगाचा खडबडीतपणा असतो.

उरलेले सेन्सर पटकन सांगतो. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे तापला की ओहम कमी होणारा रेझिस्टर. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला २० अंशांवर अडीच हजार ओहम असतात आणि १०० अंशांवर १८६. म्हणून तिथे पाच हजार ओहमचा फिरवायचा पोटेन्शिओमीटर लावला की थंड इंजिनपासून उकळत्या इंजिनपर्यंत सगळं बोटाने होतं. ती पिन मोकळी सोडली तर पी०११८ हा फॉल्ट कोड येतो आणि ईसीयू आपला ठरलेला आकडा धरून चालतो. ॲक्सिलरेटर पेडलला मात्र दोन वेगळे सिग्नल असतात आणि पुष्कळ गाड्यांत दुसरा पहिल्याच्या निम्मा. ईसीयू सतत ताळा करतो, पटला नाही तर पी२१३८ टाकून गाडीचा जोर कमी करतो. दोन पोटेन्शिओमीटर हाताने बरोबर जुळवणं जमत नाही. खरं पेडल आणि खरी थ्रॉटल बॉडी लावा. थ्रॉटलच्या पडद्यात बोट मात्र कधीही घालू नका. चावी ऑन केल्यावर ईसीयू तो स्वतः उघडून-मिटून बघतो, आणि त्या मोटरला चांगलाच जोर असतो.

लोड

ईसीयू नुसता इंजेक्टर उघडत नाही, इंजेक्टर खरंच तिथे आहे का तेही तपासतो. पिना मोकळ्या ठेवल्या तर पी०२०१ पासून फॉल्टची रांग लागते. मग लोक एलईडी लावतात. एलईडी काही मिलिअँपिअर घेतो, ईसीयूला ती वायर तुटल्यासारखीच दिसते. दुसरे लोक बल्ब लावतात, २१ वॅटचा. तो चालू असताना साधारण सात ओहमचा असतो, पण थंड असताना एका ओहमच्याही आत. पहिल्या क्षणी ईसीयूला शॉर्ट दिसतो आणि तो आपला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालू-बंद करणारा आतला भाग, बंद करतो. साध्या पेट्रोल इंजेक्टरची कॉइल १२ ते १६ ओहमची असते, तेव्हा १२ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. इंजेक्टर क्षणभरच उघडतो म्हणून तो एरवी कोमटही होत नाही. पण ईसीयूचा ड्रायव्हर शॉर्ट असेल तर त्यात सतत पंधरा वॅट जातात, आणि बोटाला चटका बसतो. चटका बसला तो सिलिंडर सापडला.

त्या रेझिस्टरला समांतर, हजार ओहममधून, एकेक एलईडी लावा. मग आर्डुइनोवर ३०० आरपीएम द्या. सुरुवातीला काही ईसीयू चारही इंजेक्टर एकदम मारतात. मग सिंक होतं, आणि लाल ठिपका टेबलावर धावायला लागतो: एक, तीन, चार, दोन. प्रत्येक एलईडी सेकंदाला अडीच वेळा. मेलेला म्हणून पोत्यात बांधून आलेल्या डब्याने हा फायरिंग ऑर्डर पहिल्यांदा दाखवला, तो क्षण मी विसरलेलो नाही.

रेझिस्टरवर सगळं बरं दिसलं तरी शेवटची खात्री खऱ्या इंजेक्टरवर करा, कारण कॉइलला स्वतःचा स्वभाव असतो. ईसीयूने करंट तोडला की कॉइल विरोध करते आणि वायरीवर ६० व्होल्टच्या आसपास एक टोक उसळतं. त्याच उंचीला ईसीयूचा ड्रायव्हर ते कापतो. स्कोपवर चारही टोकं सारख्या उंचीची हवीत. एखादं तीस-चाळीसलाच बसलेलं दिसलं, तर तो ड्रायव्हर आज चालत असला तरी दुखावलेला आहे.

इथे सावध करतो. इग्निशन कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट काढते. ती स्पार्क टेस्टरला आणि पक्क्या अर्थला जोडल्याशिवाय चालवू नका. उघडी सोडलेली कॉइल माणसालाही धक्का देते आणि ईसीयूलाही मारते. कॉमन रेल डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलचे ईसीयू आतमध्ये इंजेक्टरसाठी ६५ व्होल्टच्या आसपास साठवतात, पिएझो इंजेक्टर असतील तर शंभराच्याही वर. तो साठा सप्लाय काढल्यावरही काही वेळ राहतो. झाकण उघडून बोट लावायची घाई नको. आणि टेबलाजवळ पेट्रोल नको, कुठल्याही भांड्यात, थेंबभरही.

एवढं झाल्यावरही ईसीयू स्पार्क देतो आणि इंजेक्टर मारत नाही, असं झालं तर बहुधा इमोबिलायझर, म्हणजे गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा, आडवा आलाय. चावीतली चिप ओळखीची नाही म्हणून तो इंधन तोडतो. तो त्याचं काम करतोय, तो बिघाड नाही. अशा वेळी गाडीमालकाकडून ईसीयूसोबत मीटर, चावी आणि ज्या युनिटमध्ये इमोबिलायझर असेल ते, असा पूर्ण सेट मागवून टेबलावर जोडतो. आणि काम हातात घेण्याआधी ईसीयूतला चासी नंबर वाचून आरसी बुकाशी ताडून बघतो. जुळला नाही तर काम घेत नाही.

येऊन-जाऊन असणारे बिघाड

ईसीयू थंड असताना उत्तम आणि वीस मिनिटांनी बंद, ही तक्रार गाडीवर पकडणं फार कष्टाचं असतं. टेबलावर सोपं. मी ईसीयू चालू ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने तापवतो. आकडे बघत हळूहळू, हाताला सोसवेल त्याच्या जरा पुढे. मागच्या महिन्यात एक ईसीयू तापला की तिसरा इंजेक्टर सोडून द्यायचा. धावणाऱ्या ठिपक्यात तिसऱ्या जागी खड्डा पडायचा. भिंगाखाली कपलरच्या पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. थंड असताना चिकटून, तापली की उघडी. तिथे फ्लक्स लावून नवं सोल्डर भरलं आणि दोन तास तापवून ठेवला, खड्डा परत पडला नाही. सगळेच असे सुटत नाहीत. काही ईसीयूमध्ये सिरॅमिकची पट्टी आणि केसासारख्या तारा जेलखाली असतात, त्या आपल्या हाताने जोडता येत नाहीत, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगावं.

दुसरी परीक्षा व्होल्टेजची. सेल्फ मारताना बॅटरी दहा-नऊ व्होल्टवर येते, तेवढ्यातही ईसीयू जागा राहिला पाहिजे. ३०० आरपीएम चालू ठेवून सप्लाय १३.५ वरून ९ वर आणा. ठिपका अडखळला तर आतले कपॅसिटर थकलेत. 'धक्का मारला की सुरू होते, सेल्फवर होत नाही' या तक्रारीमागे कधीकधी हे निघतं, अर्थात बॅटरी आणि सेल्फ तपासून झाल्यावर.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणात करतात. पुण्यात हिंजवडीपासून चिंचवडपर्यंत आपली बरीच मुलंमुली त्यातच नोकरीला आहेत. जर्मनीतल्या पाडरबोर्नच्या डीस्पेससारख्या कंपन्यांची यंत्रणा इंजिनचं अख्खं गणित दर मिलिसेकंदाला सोडवते. ईसीयूने इंधन वाढवलं की तिथलं कल्पनेतलं इंजिन वेग घेतं आणि सेन्सरचे आकडे त्याप्रमाणे बदलतात. आपल्या टेबलावर तसं होत नाही. ईसीयू काहीही करो, आपला आर्डुइनो ठरलेले ठोके देत राहतो. त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरवरून इंधन जुळवणं किंवा आयडल धरणं, यांबद्दल आपला सेटअप काही सांगू शकत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये एकमेकांशी बोलणारी युनिटं इतकी वाढलीत की ईसीयू टेबलावर एकटा पडला की डझनभर 'संपर्क तुटला' असे फॉल्ट दाखवतो. ते बाजूला ठेवायला शिकावं लागतं.

त्यासाठी चालू गाडीतून काढलेला, खात्रीचा एक ईसीयू सेटअपजवळ कायम ठेवा. संशयित ईसीयू लावण्याआधी तो लावा. त्याच्यावर जे फॉल्ट येतात ते टेबलाचे, वहीत लिहून ठेवा. मग संशयित लावा, आणि त्याच्यावर जे जास्तीचे येतील तेवढेच त्याचे. माझ्या वहीत अशी पानं भरलीत, आणि कित्येक ईसीयू त्या दुसऱ्या रकान्यात काहीच नसल्याने नव्यासारखे परत गेलेत.

काम झालं की चावीचा स्विच बंद करा आणि थांबा. ठिपका थांबतो, थ्रॉटल एकदा हलून जागेवर बसतो, अँपिअरचा आकडा तरी तसाच राहतो. ईसीयू लिहितोय. दहा-पंधरा सेकंदांनी रिले टक् करून सुटतो आणि आकडा शून्यावर येतो. मग मेन बंद करा, आणि मग कपलर काढा.